वाटसरूला सांगितलेलं

चिंतामणरावांनी परिवार सोडला त्याला तीन वर्षं झाली, पण परिवार काही त्यांना सोडत नव्हता. पूर्वी तो पंथ आठवड्यातून दोनदा बैठकीत भेटायचा, आता चोवीस तास खिशात असायचा. ‘मोकळे झालो’ हा परिवारातून बाहेर पडलेल्यांचा फोनवरचा ग्रुप. दोनशे बारा माणसं, आणि एकाचंही खरं नाव नाही. चिंतामणराव तिथे ‘माजी वाढपी’ होते, कारण बावीस वर्षं त्यांनी उत्सवात पंगती वाढल्या होत्या.

सोडण्याचं कारणही पंगतच. सायखेड्याला थोरले भाऊ भिकन वारले तेव्हा उत्सव ऐन भरात होता. शाखाप्रमुख धनराजदादा म्हणाले, “हातातली सेवा टाकून जायचं नसतं.” आणि हा भला माणूस मसालेभात वाढत राहिला! पोहोचला तेव्हा गावकरी अस्थी सावडून परत येत होते. वहिनीने दारातच पाठ फिरवली. त्या दिवसानंतर चिंतामणराव बैठकीची पायरी चढले नाहीत.

राग खराच होता. पण खरा झाला म्हणून तो रोज किती उगाळायचा? ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, हाताशी वेळच वेळ. गॅसवरचं दूध उतू जायचं, नळाचं पाणी भरायचं राहायचं, आणि हे सिडकोतल्या घराच्या गॅलरीत चष्मा कपाळावर ढकलून टाइप करत बसायचे. परिवारात जेवणाला ‘पावन’ म्हणत आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला ‘सांजहाक’. ग्रुपवर चुकून कुणी असा शब्द लिहिला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. साठी उलटलेल्या माणसाला त्यात शाळेतल्या पोरासारखी मजा येई.

त्यांच्या सगळ्यात जवळचा होता ‘वाटसरू’. पुण्याचा, नऊ वर्षांपूर्वी बाहेर पडलेला. परिवारातलं कुणीही आता आपल्या संपर्कात नाही असं सांगायचा. भिकनच्या तिथीला आठवणीने दोन ओळी लिहायचा. चिंतामणरावांना वाटायचं, देवाने एक भाऊ नेला आणि दुसरा दिला.

त्यांची बायको लतिका मात्र अजून बैठकीला जात होती. दोघांत त्यावर बोलणं व्हायचं नाही. मागच्या महिन्यात एकदा ती घरी येऊन म्हणाली होती, “आता सांजहाक म्हणायचं नाही बरं का, दीपभेट म्हणायचं. वरून निरोप आलाय.” चिंतामणराव नुसते हसले होते.

मग एका दुपारी मेथी निवडता निवडता लतिका हळूच म्हणाली, “अहो, मलाही कंटाळा आलाय तिथला. दिवाळी झाली की मी पण सोडणार.”

चिंतामणरावांना पहिल्यांदा ऐकू आलं ते खरंच वाटेना.

“पण कुणाला बोलू नका,” ती म्हणाली. “आपल्या अपूर्वाचं सासर सगळं परिवारातलं. तिला सातवा लागला की बाळंतपणाला इथे घेऊन येऊ. पोर एकदा माझ्यापाशी आली की मग काय म्हणायचं ते म्हणू देत.”

त्यांनी मान डोलावली. आणि मेथी निवडून व्हायच्या आत गॅलरीत जाऊन एकट्या वाटसरूला खाजगीत सगळं कळवून टाकलं. दिवाळी, लेक अपूर्वा, तिचं सिन्नरचं सासर, सगळं. आनंद पोटात मावतच नव्हता, त्याला ते तरी काय करणार? पण कुणाला बोलू नका म्हणजे कुणालाच बोलू नका, एवढंही कळू नये?

दहा दिवसांनी लतिका बैठक अर्धवट टाकून घरी आली. चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

“धनराजदादांनी सगळ्यांसमोर उभं केलं मला. म्हणाले, दिवाळीपर्यंतच आहात ना तुम्ही? सुवर्णा इतक्या वर्षांची मैत्रीण, ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.” तिचा आवाज चिरकला. “रिक्षात असताना अपूर्वाच्या सासूचा फोन आला. बाळंतपण सिन्नरलाच होईल म्हणाल्या. माहेरची हवा बरी नाही म्हणे. तुम्ही कुणाला बोललात का?”

“छे! मी कुणाला बोलणार?” चिंतामणराव म्हणाले, आणि ते त्यांना अगदी मनापासून खरं वाटत होतं. वाटसरू म्हणजे काय कुणी होता?

गॅलरीत जाऊन त्यांनी त्यालाच लिहिलं, “आज लतिकाला सगळ्यांसमोर फार बोलले हो.”

लगेच उत्तर आलं. “वाईट वाटलं दादा. दीपभेट चालू असताना तरी असं बोलायला नको होतं.”

चिंतामणरावांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. शब्द महिन्याभरापूर्वीचा, आणि हा म्हणे नऊ वर्षांपूर्वी बाहेर पडलेला. त्यांनी स्वतः तो ना ग्रुपवर, ना वाटसरूला कधी लिहिला होता. आणि बोलणं केव्हा झालं हेही त्यांनी सांगितलं नव्हतं.

“दीपभेट म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

ती ओळ पुसली गेली. मिनिटभरात वाटसरूही ग्रुपमधून गेला. एका पुसलेल्या नावामागे कोण बसलं होतं, कुणास ठाऊक! भिकनच्या नावाने दोन ओळी लिहिणारा तो हात कुणाचा होता? आपल्याला उघडं करून लुटलं, असंच चिंतामणरावांना वाटलं.

ते आत आले. लतिकासमोर उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. “फसवलं गं मला त्या हलकटाने,” शेवटी म्हणाले. “तीन वर्षं भाऊ भाऊ म्हणून गळा कापला.”

लतिकाने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

“त्याचं काय घेऊन बसलात?” ती म्हणाली. “तो त्यांचाच माणूस होता, त्याने त्यांचं काम केलं. मी तुम्हाला सांगितलं होतं. एकट्या तुम्हाला.”

मग तिने पर्समधून फोन काढला आणि अपूर्वाला लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. चिंतामणराव जवळ बसायला गेले, तशी ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.