बरणीतली काळी माती

पालिकेत त्यांना सगळे बरणीसाहेब म्हणत. काम एवढंच: बांधकामावरून गटारात जाणारं पाणी बरणीत भरायचं, मागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर 'स्वच्छ', नाहीतर 'गढूळ' आणि नोटीस. वीस वर्षं हेच. बायको म्हणायची, "हे चहासुद्धा उजेडात धरून पितात!"

उतारावरच्या बांधकामाला त्या आठवड्यात त्यांनी तिसरी नोटीस दिली. पायाच्या खड्ड्यात पाझरणारं पाणी पंपाने उपसून गटारात सोडत होते, आणि ते गढूळच येई. मुकादम वैतागला होता.

"साहेब, ढिगांवर ताडपत्री आहे, कडेला जाळी आहे, गाळाचा हौद कालच उपसला. आता पाण्याच्या पाया पडू का?"

"नियम तो नियम."

"बरं. पण आमची माती लाल आहे हो."

साहेब हसले, गाडीवर बसले. मग उतरले. बरणीच्या तळाशी गाळ बसला होता, काळाकुट्ट. आधीच्या दोन्ही बरण्यांतही तसाच असणार. पण फॉर्मवर रंगाचा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी रंग बघितलाच नव्हता.

काळी माती त्या भागात एकाच ठिकाणी होती: खड्ड्याच्या वरच्या अंगाला, तळं बुजवून वसवलेल्या गल्लीत. तिथलं कोपऱ्यावरचं घर त्यांच्या ताईचं. त्या घराचा पाया खणला तेव्हा ती माती त्यांनी स्वतः पाट्या भरभरून वाहिली होती.

"पंप बंद करा!"

पंप थांबला. खड्ड्याच्या भिंतीतून काळं पाणी येतच राहिलं, अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं.

ताई पोळ्या लाटत होत्या. "अरे, भरदुपारी? जेवलास का?"

"ताई, आधी बाहेर चल."

"थांब, गंमत बघ." त्यांनी लाटणं जमिनीवर ठेवलं. ते आपलं आपण घरंगळत कोपऱ्यात गेलं. "आणि मांजर आठवडाभर त्या फरशीवर पाय ठेवत नाही. म्हटलं, म्हातारपणी आमचं दोघींचं डोकं फिरलं."

साहेबांनी फरशीवर बोटाने टकटक केली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मग थोड्या वेळाने, खूप खालून, पाण्यात काहीतरी पडल्याचा.

"आता काय, मला नोटीस देतोस? तुझ्या बरणीच्या नादाने मी घर सोडू?"

"तीन बरण्या भरल्या, ताई. तिन्हींत तुझ्याच घराखालची माती होती. आणि मी नुसतं 'गढूळ' लिहीत बसलो."

धाकट्याने कधी चूक कबूल केलेली ताईंनी ऐकली नव्हती. त्यांनी गॅस बंद केला, मांजर उचललं आणि त्या बाहेर आल्या.

उंबऱ्याबाहेरून त्यांनी वळून पाहिलं. कोपऱ्यातलं कपाट दमलेल्या माणसासारखं हळूहळू खाली बसत होतं. आवाज कसलाच नव्हता.

"कुलूप लावू का रे?" ताईंनी कुजबुजत विचारलं.

साहेब शेजारचं दार वाजवायला निघाले, प्रत्येक पाऊल चाचपून टाकत.