काळीज उचलणारी सालकिनाय

सालकिनायचा मुलगा तालाय रशियात इमारतीच्या परांचीवरून पडून वारला, ही बातमी काल सकाळी गावात पोचली. अख्ख्या गावाला कळलं, फक्त आईला नाही. आमच्याकडे असली बातमी कुणीही उठून सांगत नाही. घरातला थोरला माणूस चार वडीलधाऱ्यांना घेऊन येतो, बसतो, रीतीच्या शब्दांनी सांगतो. आणि तिचे थोरले दीर सुवानकुल मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर. घोड्यावरून खाली यायला त्यांना आजची दुपार होणार. तोवर बाईला एकटं सोडायचं नाही आणि काही कळूही द्यायचं नाही. त्यासाठी गावाने जे डोकं चालवलं त्याला खरंच तोड नाही. तिच्याकडे रोगी पाठवायचे! हात गुंतले की मन गुंततं म्हणे.

सालकिनाय शाळेत झाडलोट करायची, पण तिचं खरं काम सासूकडून आलेलं. भ्यालेल्या किंवा दुःख गिळून बसलेल्या माणसाचं काळीज खाली उतरतं आणि बेंबीपाशी धडधडत राहतं, हे आमच्या नारिनच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते उचलून जागेवर बसवायचं, हे तिचं काम. तळव्यांना मेंढीची चरबी चोळून ती पोटापासून बरगड्यांकडे दाबत नेई. मग माणसाला गोधडीत गुंडाळून चारी टोकं धरून हलवायचं आणि शेवटी रोटीचा तुकडा खायला द्यायचा. तोंडही हातांइतकंच जोरदार. लांडग्याला भ्यालेल्या एका मेंढपाळाला ती म्हणाली होती, "तुझं थोबाड बघून तो लांडगाच भिऊन कुठे पडला असेल, त्याला आण आधी."

सकाळी पहिली आली शेजारीण राखिया. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती सालकिनायला एजे म्हणायची. "एजे, बघ गं जरा. छातीत कसंतरीच होतंय."

"तुला? तुला बघून अस्वल वाट सोडतं," सालकिनाय म्हणाली आणि पोटावर हात ठेवला. काळीज पार बेंबीपाशी होतं. गावाने सोंग घ्यायला पाठवलेली बाई, पण सोंग घ्यायची वेळच आली नव्हती. तालायला अंगाखांद्यावर खेळवलेलं तिने. सालकिनायने काळीज उचललं, बसवलं, पुन्हा हात लावून बघितलं. ते परत खाली! चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

राखिया मदतीला म्हणून तिथेच थांबली. मग नासिपाबाई आल्या, शाळेतल्या. त्यांचंही तेच. दोनदा उचललं, दोनदा पडलं.

"बाई, कधी भ्यालात?"

"काल सकाळी," बाई बोलून गेल्या आणि लगेच चहाच्या वाटीत बघायला लागल्या.

"ही पण काल सकाळीच म्हणते. काल सकाळी काय भूकंप झाला का? मी काय झोपले होते?" सालकिनायने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "राखिया, माझा फोन दे गं. तालायला विचारते, तिकडे कुणी चांगला डॉक्टर असेल तर."

"त्याची बॅटरी संपलीय, एजे."

"कालही संपलेलीच होती."

नासिपाबाई घाईघाईने निघून गेल्या. सालकिनाय आपले तळवे उलटसुलट करून बघत बसली. तिला काही म्हणजे काही कळेना. गावाला काय झालंय ते कळेना आणि आपल्याला काय झालंय तेही कळेना. सासू सांगायची, एक दिवस हात सोडून जातात, आधी सांगत नाहीत. आज तो दिवस आला की काय? नवरा बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला तेव्हा तालाय सहा वर्षांचा होता. तेव्हापासून गावाने तिला मान दिला तो ह्या हातांपायी. ते गेले तर मागे राहते ती नुसती शाळेतली झाडूवाली. तिला खरोखरच भीती वाटली.

अशात कुबात आला. ट्रॅक्टर चालवायचा. शाळेत तालायच्याच बाकावर बसलेला, सालकिनायला आईसारखं अपा म्हणणारा पोरगा.

"तू पण? जा बाबा, दुसरीकडे जा. माझे हात गेले."

"असं नका म्हणू, अपा. हात चांगले आहेत तुमचे."

"तू मला शिकवतोस? सकाळपासून एकाचं काळीज टिकलं नाही! तालायला कळलं तर म्हणेल, म्हातारी खुळावली."

कुबातने डोळे मिटून घेतले. सांगावंसं वाटत होतं, पण तो अधिकार त्याचा नव्हता. तो आडवा झाला. सालकिनायने चरबी चोळली आणि आज कुणाला दाबलं नसेल इतकं खोल दाबलं. हट्टालाच पेटली होती ती.

"दात का आवळतोस? सोड."

"सोडता येत नाही, अपा."

"सोड म्हणते ना!"

आणि त्याने सोडलं. आधी नुसता श्वास आला, मग पोटाच्या तळातून आवाज. कुबात उठून उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवून वाकला आणि मोठ्याने ओरडायला लागला, "भावा माझ्या रे! भावा माझ्या!" आमच्याकडे पुरुष असा टाहो मेलेल्याच्या दारातच फोडतो, दुसरीकडे कुठे नाही. राखियाने हातातली गोधडी टाकली आणि डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं.

सालकिनाय बघत राहिली. कुठला भाऊ? कुबातला तर भाऊच नाही. आणि हे दार कुणाचं? हे तर माझं.

सवयीने तिचा हात पुढे गेला आणि हुंदके देणाऱ्या त्या पोराच्या पोटावर टेकला. बेंबीपाशी काही नव्हतं. काळीज वर, बरगड्यांखाली, आपल्या जागी नीट चाललं होतं.

हात गेले नव्हते. ते गेले असते तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.