इलियासला ऐकू येणारी शिट्टी

धारूरमध्ये इलियासइतका हट्टी साऊंडवाला दुसरा नसेल. मी अंगद, लग्नांत माईकवर बोलतो आणि मिक्सर तो सांभाळतो, त्यामुळे त्याचा हट्ट सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला येतो. मंडपात सामान लागलं की हा गाणं मोठ्यानं सोडतो आणि कान थेट स्पीकरच्या बॉक्सच्या जाळीला लावून उभा राहतो. पोरवयापासून आवाज तपासायची त्याची रीत हीच. हल्ली आपण काही बोललो तर मात्र त्याला पुन्हा सांगावं लागतं.

यंदा त्याच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलं. लॅपटॉपमधून शिट्टी येते म्हणे, बारीक, न थांबणारी. सुरुवातीला त्यात तथ्य होतं. चार्जर लावला की बॉक्समधून घूंघूं यायचं, ते आम्हा सगळ्यांनाच ऐकू यायचं. चार्जर काढला की बंद. पण त्यावरून गडी जो पेटला, तो थांबेचना. वायरी बदलल्या, पिना बदलल्या, शेवटी माझ्या लेकीचा, सायलीचा, कॉलेजचा लॅपटॉप मागून आणला.

"चाचा, फाइल तीच हाय. चार्जर काढल्यावर दोन्हीकडून सारखंच वाजणार," सायली म्हणाली.

"कसं सारखं? ह्याच्यात बी शिट्टी हायच की."

ती शिट्टी ना मला ऐकू येते, ना सायलीला. त्याची बायको शाईस्ताभाभी परवा मला बाजूला घेऊन म्हणाली, "टीव्ही लई मोठ्यानं लावायलेत. कान दाखवू म्हणलं की चिडतेत." चिडणारच. या माणसानं दुसरं काही कधी केलंच नाही. कान गेले तर त्याला मिक्सरवर कोण बसू देईल? एरवी मी त्याला वाटेल ते ऐकवतो, पण हे बोलायची माझी छाती होईना.

काल दुपारी अर्जुनरावांच्या घरच्या लग्नाच्या मंडपात हळदीची तयारी चालली होती. इलियासनं कुणाचा तरी तिसराच लॅपटॉप आणला होता.

"आज सापडतंय बघ," म्हणत त्यानं गाणं सोडलं आणि कान जाळीला लावला.

तेवढ्यात लाईट गेली. बॉक्स बंद, पंखे बंद. जनरेटर अजून यायचा होता. हळद कालवत बसलेल्या अर्जुनरावांच्या आई, वत्सलाबाई, म्हणाल्या, "बरं झालं बाई. लई शांत वाटायलंय."

इलियास जाळीपासून हलला नाही. मग हळूच त्यानं लॅपटॉपची वायर उपटली. बॉक्सला हात लावून पाहिला. दोन्ही कानांवर तळवे दाबले, सोडले, परत दाबले. मी पाणी घेऊन जवळ गेलो. त्यानं तांब्या घेतला नाही, माझं मनगट धरलं.

"अंगद," तो म्हणाला, "मला का शांत वाटंना बे?"