मावशींची विहीर

कल्याणच्या दातांच्या दवाखान्यातल्या मावशी काळे दात दिसू नयेत म्हणून हसताना तोंडावर पदर धरायच्या. तारा बसवायच्या म्हणून मी मुरबाडहून तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मिश्री लावतेस?"

कॉलेजात जाणारी मी, हो म्हणायची लाज वाटली. ट्रे पुसता पुसता मावशीच म्हणाल्या, "विहिरीच्या पाण्याचे डाग हायत ते, डॉक्टर."

"तुमचीही तीच विहीर का, मावशी?"

सगळे हसले. मावशींनी पदर ओढला.

बाहेर त्यांनी माझ्या हातात नवा ब्रश ठेवला. "मला नाय सुटली गो. तू सोड."

मी सोडली. पुढे दर महिन्याला तारा आवळताना डॉक्टर मावशींना त्या विहिरीवरून चिडवायचे. तारा निघाल्या, तरी खरं मी सांगितलं नाही.