फुगलेली पाकिटं

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटंजीच्या बाजारात होते. झोपेतच हृदय थांबलं, म्हणाले... महिना होत आला, अजून फोन वाजला की आधी नाव पाहते, मगच उचलते.

माझी ही थोरली बहीण यवतमाळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काही वर्षांपूर्वी माझ्या लेकीचे सासरचे पहिल्यांदा जेवायला येणार होते, तेव्हा माझ्या यजमानांनी दोन दिवस आधीच चिकनची बंद पाकिटं आणून फ्रिजमध्ये ठेवली. लाइट येत-जात होती. जेवणाच्या दिवशी ताई सकाळी आली, फ्रिज उघडला आणि तिथंच थबकली.

"हे शिजवू नको. पाकिटं फुगली पाह्य, आत जंतूंचा वायू भरला."

"फ्रिजातच तं होती! वासही नाही येत."

"थंडीतही वाढणारे जंतू असतात वं. फ्रिज त्यायले मारत नाही, फक्त हळू करते. वास मागून येते."

"ताई, आज तरी नको ना... पाहुणे दारात येऊन राह्यले."

तिनं ऐकलं नाही. मागच्या अंगणात खड्डा करून, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर फिनाइल ओतून सगळं पुरलं. व्याह्यांना मी वांग्याची भाजी वाढली. लाजेनं मान वर होईना. पुढे वर्षभर मी ताईशी बोलले नाही.

मग एकदा तीच आली. म्हणाली, "मलेही पक्कं माहीत नव्हतं वं. कदाचित काही झालं नसतं. पण पोरीच्या सासरचे जेवले असते, तं मले चार दिवस झोप नसती लागली." तिच्या या भीतीलाच मी इतके दिवस हट्ट समजत होते.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. फ्रिजमध्ये एक स्टीलचा डबा, त्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी : 'चिकन. बुधवारनंतर नको.' बुधवार कधीच उलटला होता. मागे ताईचे यजमान, भाऊजी उभे होते.

"तुम्ही खाल्लं तं नाही ना यातलं?"

ते म्हणाले, "एक घास... काल. तिच्या हातचं शेवटचं होतं."

डबा रिकामा करून घासला, घाटंजीची गाडी सोडून दिली आणि तिथंच राहिले. घडीघडी विचारत होते, पोट दुखते का, मळमळते का, अंग गरम लागते का... भाऊजींना काही झालं नाही. चौथ्या दिवशी चहा घेताना मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"बिलकुल सुमनसारखी बोलून राह्यली तू," ते म्हणाले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच रडले.