रत्नाताईचं गाऱ्हाणं

रत्नप्रभा तावडेचा राग आमच्या कॉलनीत पाण्याच्या वेळेइतका ठरलेला आहे. तो येणारच, फक्त कोणाच्या नळाला हे सांगता येत नाही. रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला, बिल्डिंगच्या दारात कोणी आडवी गाडी लावली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी चहा गार झाल्याची तक्रार केली, की बाईचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचतो. लोक म्हणतात, लग्न केलं नाही म्हणून अशी झाली. उगाच काहीतरी. ती दहाव्या वर्षीही अशीच होती, मी साक्षीला आहे.

ती मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. संध्याकाळी बोरिवलीला घरी येते, साडी सोडून ट्रॅक पँट चढवते, गळ्यात शिट्टी अडकवते आणि मंडळाच्या मैदानात उतरते. गेली कित्येक वर्षं आमच्या मंडळाच्या मुलींची बास्केटबॉलची टीम तीच तयार करते, एक पैसाही न घेता. मुली तिला ताई म्हणतात आणि टरकून असतात.

मी क्षमा. कॉलेजात असताना आम्ही दोघी याच टीममध्ये होतो. मी बास्केट मारायचे आणि ती राखण करायची. बास्केटबॉल न पाहिलेल्यांसाठी सांगते. रिंगच्या भोवती जमिनीवर एक मोठी कमान आखलेली असते. तिच्या बाहेरून बॉल टाकला तर तीन गुण. म्हणून समोरची चांगली नेमबाज त्या कमानीच्या बाहेर घुटमळत असते. तिथे जाऊन तिच्या नाकासमोर उभं राहायचं, तिला बॉल टाकू द्यायचा नाही, आत घुसू द्यायचं नाही, हे सगळ्यात घाम काढणारं काम. गुडघे वाकवून खेकड्यासारखं आडवं पळायचं, चाळीस मिनिटं. त्यात टाळ्या नाहीत. माझ्या कपाटात सत्काराच्या शालींचा गठ्ठा आहे, रत्नाकडे एकही नाही. तिला याचं कधी काही वाटलं नाही. मला वाटतं, आणि चांगलंच वाटतं.

आमचं मंडळ गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबाग सोडून इकडे आलेल्या कोकणातल्या माणसांनी उभं केलं. मैदानाच्या एका कोपऱ्यात उंबराखाली दगड आहे, तो राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव. पहिला खांब रोवायच्या आधी त्याला नारळ ठेवला होता, आणि तेव्हापासून दर हंगामाच्या आधीच्या रविवारी त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकाने मालवणीत देवाला मोठ्याने आपलं म्हणणं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सुरुवातीला रत्नाचे वडील गाऱ्हाणं घालायचे. ते गेल्यावर अण्णा. अण्णा आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांचा मुलगा देवव्रत मंडळाचा सेक्रेटरी आहे.

देवव्रत वाईट माणूस नाही, हे मी दात खाऊन लिहिते आहे. पवईच्या ऑफिसात बसून तो दिवसभर आकडे बघतो. यंदा त्याने मंडळातही आकडे आणले. मुलींची निवड ताईच्या मनावर नको, म्हणाला, गेल्या हंगामात ज्यांनी जास्त गुण केले त्या आत, बाकीच्या बाहेर. शिवाय जर्सी देणाऱ्या दुकानदाराला फ्लेक्सवर बॉल टाकणाऱ्या मुलींचे फोटो हवे होते. मी कमिटीत एकटी बाई. मी विरोध केला तर, क्षमाताई, तुम्ही स्वतः शूटर होतात ना, असं म्हणून सगळे हसले. निवडलेल्यांची यादी मंडळाच्या मोबाईल ग्रुपवर पडली. दहा मुली, दहाही नेमबाज. पहिलं नाव देवव्रतच्या मुलीचं, इरावतीचं. ते बरोबरच होतं, पोरीच्या हातात नेम आहे. पण प्रांजलचं नाव नव्हतं.

प्रांजल दहिसरच्या चेकनाक्यामागच्या चाळीतली. महापालिकेच्या शाळेत खो-खो खेळायची, तिथून रत्नाने तिला उचललं. अंगाने काटकुळी, पण समोरचीच्या कमरेवर नजर ठेवून अशी सरकते की ती बाई दमून बॉल दुसरीकडे देऊन टाकते. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात तिने मुंबईतल्या सगळ्यात भारी नेमबाजाला दोन बास्केटवर रोखलं. स्वतः शून्य. देवव्रतच्या कागदावर तिचं काम शून्य.

रत्ना त्या दिवशी मंडळाच्या ऑफिसात जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवव्रतने शांतपणे ऐकून घेतलं आणि निर्णय कमिटीचा आहे म्हणाला. मला त्याच्या शांतपणाचाच जास्त संताप आला. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मग मुलुंडची टीम सरावाचा सामना खेळायला आली. आमच्या दहा नेमबाजांनी साठच्या वर गुण केले आणि तरी आम्ही वीसने हरलो. मुलुंडच्या मुली कमानीबाहेर निवांत उभ्या राहून, बॉल दोनदा आपटून, केस मागे सारून टाकत होत्या. त्यांच्या अंगावर जायला कोणी नव्हतंच. प्रत्येकीला वाटत होतं दुसरी जाईल. इरावती तेवढी एकदोनदा धावली, पण कसं उभं राहायचं हेच तिला माहीत नव्हतं. समोरची तिच्या बगलेतून आत गेली आणि ही आपल्याच पायात पाय अडकून पडली. सामना संपल्यावर देवव्रतने काय निष्कर्ष काढला माहीत आहे? अजून एक शूटर शोधायला हवा. रत्नाने शिट्टी गळ्यातून काढून बाकावर आपटली. हंगाम तोंडावर आलेला, बाहेरची राखण करणारी एक मुलगी नाही, आणि हा माणूस छप्पर गळत असताना आणखी एक पंखा लावायचं म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दहिसरला गेलो. प्रांजल चाळीच्या गॅलरीत धुणं वाळत घालत होती. तिने आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि काही विचारायच्या आत सांगून टाकलं की घाटकोपरच्या एका क्लबने तिला बोलावलंय. रविवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय, आणि ती हो म्हणणार आहे. ते रोजचं जायला-यायलाही पैसे देणार आहेत.

रत्नाने तिला मंडळाचं प्रेम वगैरे सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, “मी कमिटीशी भांडतेय.”

“तुम्ही कशाला भांडता, ताई?” प्रांजल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “माझं नाव तुम्ही नाही काढलंत. ज्यांनी काढलं त्यांनी एक फोन केला नाही. मला ग्रुपवर कळलं, इरावतीच्या नावाला सगळे लाईकचे अंगठे टाकत होते तेव्हा. आता हवी असेन तर त्यांना इथे पाठवा. तुम्ही परत येऊ नका.”

येताना रत्ना रिक्षात एक शब्द बोलली नाही. रिक्षावाल्याने लांबच्या रस्त्याने घेतलं तरी नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

रविवारी सकाळी सगळे राखणदारासमोर जमले. दहा मुली नव्या जर्सीत, मंडळाचे म्हातारे टोप्या घालून, दुकानदार फोटोसाठी तयार. अण्णांचा घसा महिनाभर बसलेला होता, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. देवव्रतला मालवणी समजते, बोलता येत नाही. पण तो तयारीचा माणूस. त्याने पिशवीतून एक छोटा स्पीकर काढला आणि दगडाच्या बाजूला ठेवला. गेल्या वर्षीचं अण्णांचं गाऱ्हाणं त्याने मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं होतं, तेच लावणार होता.

रत्नाचा चेहरा बघून मी डोळेच मिटले. पण ओरडली नाही ती. अण्णाच पुढे झाले. त्यांनी काठीने तो स्पीकर बाजूला सारला, असा की तो चार हात लांब जाऊन पडला. मग नारळ उचलून रत्नाच्या हातात दिला. एक म्हातारा पुटपुटला की बाईमाणसाने आजवर कधी गाऱ्हाणं घातलं नाही. अण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

रत्नाने पदर खोचावा तशी जर्सी खाली ओढली आणि बापाचा आवाज काढला.

“बा राखणदारा म्हाराजा. आज तुझ्या पायाकडे तुझी लेकरां जमली हत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे.

“वर्साप्रमाणे तुका नारळ ठेयलो हा, तो मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तुझो कोणी फोटो लावूक नाय, तुका कोणी शाल घालूक नाय, तरी तू ह्या जाग्याची राखण करतस रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” म्हातारे आता रंगात आले होते. देवव्रतही म्हणत होता, मोबाईलवर बोट फिरवत.

“तसाच एक चेडू आमच्यात होता. ता समोरच्याक रिंगपर्यंत येवक देय नाय होता रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हे सवयीने निघून गेलं. मग हे चेडू, म्हणजे पोरगी, कोण ते उमगून दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“तेणां गुण करूक नाय, म्हणान आमी तेका भायर काढला. आता दार उघडा टाकून आत दागिने मोजीत बसलव रे म्हाराजा.”

कोणीच बोललं नाही. उंबरावर कावळे तेवढे ओरडत होते. देवव्रतने मान वर केली. गाऱ्हाण्यातल्या वाक्याला ‘व्हय’ म्हटलं नाही तर तो देवाला दिलेला नकार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ‘व्हय’ म्हटलं तर काय कबूल होतंय हेही. रत्ना दगडाकडे तोंड करून उभी होती. मागे वळली नाही. तिची मान रागाने लाल झालेली मला दिसत होती.

“व्हय म्हाराजा.”

एकच आवाज, तोही मुलीचा. इरावती. फ्लेक्सवर जिचा फोटो सगळ्यात मोठा, ती. बापाकडे न बघता ती परत म्हणाली, “व्हय म्हाराजा. मी मुलुंडच्या मॅचमध्ये पडले ना, तेव्हाच कळलं मला. ती होती म्हणून मी शूट करत होते.”

मग बाकीच्या नऊ जणी म्हणाल्या. मग म्हातारे, एकेक करून. मीही म्हटलं, घसा खरवडेपर्यंत. राहिला देवव्रत. अण्णांनी कानामागे हात नेला आणि मुलासमोर वाकून उभे राहिले. देवव्रत खूप हळू म्हणाला, पण म्हणाला.

रत्नाचं संपलं नव्हतं. “जेणां तेका भायर काढल्यान, तोच तेका बोलवूक जातलो रे म्हाराजा.”

या वेळी ‘व्हय’ एवढ्या जोरात झालं की बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या.

नारळ फुटल्यावर देवव्रत तिच्या अंगावर आला. देवाच्या नावाखाली कमिटीला वेठीला धरलंस, ही दादागिरी आहे, म्हणाला. मी त्याला पहिल्यांदाच चिडलेला पाहिला आणि मला बरं वाटलं. रत्नाने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

“तू देवाला रेकॉर्डिंग ऐकवणार होतास,” ती म्हणाली. “मी खरं सांगितलं. संध्याकाळपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे. दहिसर लांब नाही.”

पाचच्या सुमारास देवव्रतची स्कूटर मैदानाच्या गेटात आली. मागे प्रांजल होती, तोंड फुगवलेलं. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. चाळीत तिने देवव्रतला बराच वेळ जिन्यात उभं ठेवलं होतं, एवढं मागाहून कानावर आलं. मला वाटलं, आता तरी रत्ना तिला जवळ घेईल.

“उशीर झाला,” रत्ना म्हणाली. “गुडघे वाकव. घरी बसून ताठ झालेत.”

प्रांजलने चपला काढून बूट चढवले आणि कमानीवर इरावतीच्या समोर जाऊन उभी राहिली. इरावतीने बॉल घेतला. उजवीकडे गेली, प्रांजल तिथे. डावीकडे गेली, प्रांजल तिथेही. हुलकावणी दिली, तिने मान हलवली नाही, कमरेवरची नजर काढली नाही. शेवटी इरावतीने वैतागून बॉल जमिनीवर आपटला आणि हसायला लागली. प्रांजल नाही हसली. तिचा राग अजून उतरलेला नव्हता, आणि इतक्यात उतरणारही नव्हता. त्या रागातच ती परत पवित्र्यात बसली, आणि रत्नाने दुसऱ्या मुलीला बॉल घ्यायला सांगितलं.

देवव्रत गेटाशी हेल्मेट धरून उभा होता. रत्नाने मागे वळून त्याला हाक मारली.

“काय बघतोस? फ्लेक्ससाठी फोटो पाहिजे होते ना तुला? हिचा काढ.”

देवव्रतने मोबाईल काढला. प्रांजलच्या हातात बॉल नव्हता, त्यामुळे नेमकं काय टिपायचं ते त्याला कळेना. तो बराच वेळ मोबाईल धरून उभा राहिला, आणि मग कमानीच्या जवळ जाऊन गुडघ्यावर बसला.