घरच्यांनाही सांगायचं नाही

"बठ्ठं सांगी टाक, भो. पोट हलकं व्हई."

कारखान्यात कोणी चूक लपवू लागलं की नाना खुर्ची पुढे ओढून अहिराणीत एवढंच म्हणत, सगळं सांगून टाक. नाना अमळनेरकडच्या एका तेल कारखान्याचे जनरल मॅनेजर आणि देवपुरात माझे शेजारी. त्यांच्याही पोटात काही राहत नसे. गाडीतून उतरले की फाटकाशीच मला दिवसभराचं सगळं ऐकवत. शेवटी वहिनी आतून म्हणत, थोडं माझ्यासाठी राहू द्या.

जुने मालक वारले आणि मुलगा आला. त्यानं शेंगदाणा तेलात पाम तेल मिसळायला सांगितलं. डब्यावरचं 'शुद्ध शेंगदाणा' मात्र तसंच ठेवायचं. नानांनी भर मिटिंगमध्ये नकार दिला. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे राजीनामा मागितला गेला.

बोलणी जळगावला, कंपनीच्या वकिलाकडे झाली. मी बँकेतून निवृत्त, कागद वाचायची सवय, म्हणून नानांनी मला सोबत नेलं. नेमणुकीच्या वेळी त्यांनी धड करारही केला नव्हता. जुन्या मालकांचा शब्द त्यांना पुरला होता.

वकील गोड बोलणारा होता. त्यानं नोटिशीचा पगार वाढवला, गाडी ठेवून घ्या म्हणाला, विमाही चालू ठेवला. नानांना हवी होती एकच ओळ : यांनी काम प्रामाणिकपणे केलं. तेवढी सोडून सगळं मिळालं. वर एक कलम आलं. नोकरी का सुटली हे कोणालाही, अगदी घरच्यांनाही सांगायचं नाही. सांगितलं तर पैसे परत, आणि खरेदीतल्या घोटाळ्याची चौकशी.

"कसला घोटाळा?" नानांनी विचारलं.

"चौकशी लागली की सापडतो," वकील म्हणाला.

मी नानांना बाहेर आणून सांगितलं, सही करू नका. नानांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं. चौकशीचं नुसतं नाव निघालं तरी सोयरीक मोडेल, म्हणाले. आत जाऊन सही करून आले.

नानांनी ते कलम अक्षरशः पाळलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली : एवढा मोठा माणूस एकदम घरी, वर गाडीही मिळाली, काहीतरी खाल्लं असणार. नाना ऐकत आणि आत जात. हळूहळू फाटकाशी यायचेच बंद झाले. वहिनींना तरी सांगा, असं मी एकदा म्हटलं. "सही केलीय," एवढंच बोलले.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. मालकाचा मुलगा मोठा हार घेऊन आला. नाना कंपनीचा कणा होते, असं चारचौघांत म्हणाला आणि लगेच निघाला.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला ओट्यावर बसवलं. जळगावला तुम्ही होतात ना, म्हणाल्या. माझी सही कुठेच नव्हती. मी सगळं सांगितलं : तेल, ती ओळ, लेकीचं लग्न.



"मला वाटलं, पैसे खाल्ले असतील," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मी कधी विचारलं नाही."